पंचविसाव्या व्हेरिएशनमध्ये थांबायचं कुठे

ग्लेन गूल्ड ह्या पियानिस्टने जर्मन संगीतकार बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका छोट्या मूळ रचनेची बदलत जाणारी रूपं) स्टुडिओत दोनदा रेकॉर्ड केली. पहिल्यांदा जून १९५५ मध्ये, तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि दुसऱ्यांदा १९८१ च्या एप्रिल-मे मध्ये. जागा दोन्ही वेळा तीच, न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीटवरचा कोलंबियाचा स्टुडिओ, जो त्याआधी चर्च होता. पहिलं रेकॉर्डिंग साधारण ३८ मिनिटांचं, दुसरं ५१ मिनिटांचं, आणि त्यामुळे जिथे जाल तिथे हेच वाचायला मिळतं की तरुण गूल्ड सुसाट वाजवतो आणि नंतरचा गूल्ड संथ झालाय, विचारी झालाय. सुरुवातीच्या आरियापुरतं, म्हणजे त्या मूळ रचनेपुरतं, हे खरंय, १९५५ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत संपते आणि १९८१ मध्ये तिला तीन मिनिटांच्या वर लागतात. पण पंचविसाव्या व्हेरिएशनपाशी या आणि घड्याळ लावा. १९५५ ला साधारण साडेसहा मिनिटं, १९८१ ला सहा मिनिटांच्या जेमतेम वर. म्हणजे ज्या रेकॉर्डला सगळं जग सुसाट म्हणतं तिच्यातला हा एक तुकडा नंतरच्या रेकॉर्डपेक्षाही संथ आहे, आणि ज्या माणसाने पंचवीस वर्षांनी जवळजवळ सगळं सावकाश केलं त्याने नेमकी हीच एक जागा थोडी पुढे ढकलली. का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्यापायी मी हे एकच व्हेरिएशन वेगवेगळ्या लोकांचं इतकं ऐकलंय की आता त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांनी हे ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १७४१ मध्ये न्युरेम्बर्गला हे छापून आलं, दोन कीबोर्डच्या हार्पसिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य) लिहिलंय असं मुखपृष्ठावरच म्हटलेलं. आधी एक आरिया, मग तिच्यावर ३० व्हेरिएशन्स, आणि शेवटी तीच आरिया पुन्हा. व्हेरिएशन्स आरियाच्या चालीवर नाहीत बरं का, तिच्या खालून चालणाऱ्या बेसवर आणि हार्मनीवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या साखळीवर, आहेत, वरची चाल दर वेळी नवी. २७ व्या व्हेरिएशनपर्यंत दर तिसरं कॅनन, म्हणजे एक आवाज (स्वरांची एक ओळ) दुसऱ्याच्या मागोमाग तेच बोलत येतो. सगळं जी मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या उजळ स्केलमध्ये, फक्त तीन व्हेरिएशन्स जी मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास स्केलमध्ये, पंधरावं, एकविसावं आणि पंचविसावं. झोप न येणाऱ्या काउंटसाठी बाखने हे लिहिलं आणि गोल्डबर्ग नावाचा पोरगा रात्री शेजारच्या खोलीत ते वाजवायचा ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, ती फोर्केलने १८०२ साली बाखच्या चरित्रात सांगितली, म्हणजे साठ वर्षांनंतर. छापील प्रतीवर काउंटला अर्पण केल्याचा साधा उल्लेखही नाही, आणि पुस्तक छापलं तेव्हा गोल्डबर्ग १४ वर्षांचा होता. मला ती गोष्ट पटत नाही, आणि पंचविसावं व्हेरिएशन ऐकताना कुणाला झोप लागेल हे तर अजिबातच पटत नाही.

कारण इथे काय होतं बघा. उजव्या हाताला एका कीबोर्डवर एक लांबलचक ओळ दिलीय, वळणं घेत, अलंकारांनी लगडलेली, आणि डावा हात दुसऱ्या कीबोर्डवर दोन आवाज घेऊन खालून चालतोय. जो बेस इतर ठिकाणी रुबाबात पावलं टाकत असतो तो इथे अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली सरकायला लागतो, युरोपच्या संगीतात विलापाची ही फार जुनी खूण. वरची ओळ सुरुवातीलाच एक मोठी झेप घेऊन वर जाते आणि मग तिथून उतरताना असे असे स्वर लागत जातात की आपण कुठल्या स्केलमध्ये होतो हेच क्षणभर हरवतं. १७४१ च्या मानाने हे किती धाडसाचं आहे हे कळायला शास्त्र माहीत असावं लागत नाही, कान पुरतात. हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्या वांडा लँडोव्स्का बाई ह्या व्हेरिएशनला काळा मोती म्हणायच्या, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता आपल्याकडची माणसं, म्हणजे ज्यांचे कान ख्यालावर वाढलेत, ती म्हणतात की ठीक आहे, एकच बंदिश किराण्याचा गायक एक तऱ्हेने गातो आणि जयपूरचा दुसऱ्या तऱ्हेने, तसंच हे. मला हे मान्य नाही. ख्यालात दोन गवय्यांचं नोटेशन लिहून काढलं तर कागदावरच दोन वेगळी गाणी दिसतील, आलाप वेगळा, बढत वेगळी, ताना वेगळ्या. इथे तसं काही नाहीये. इथे सगळे तेच स्वर वाजवतात. आणि ह्या व्हेरिएशनमध्ये तर जे अलंकार त्या काळी वाजवणाऱ्याने स्वतःच्या मनाने घालायचे असायचे त्यातलेही बहुतेक बाखने एकेक स्वर करून लिहून टाकलेत. ही त्याची सवयच होती. १७३७ मध्ये, म्हणजे हे पुस्तक यायच्या चार वर्षं आधी, योहान अडॉल्फ शाइबे नावाच्या समीक्षकाने त्याच्यावर जाहीर टीका केली होती, आणि त्यातला एक मुद्दा असा की हा गृहस्थ प्रत्येक बारीक अलंकार लिहूनच ठेवतो. शाइबेचं म्हणणं एका अर्थी बरोबरच होतं, वाजवणाऱ्याच्या हातात मग उरतं काय?

उरते ती वेळ. कुठला स्वर कधी. म्हणजे लय तर आहेच, पण लयीच्या आतली वेळ, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना किती थांबलात, डावा हात आधी पडला की उजवा, झेप घेण्याआधी श्वास घेतला की नाही. पंचविसाव्या व्हेरिएशनची रेकॉर्डिंग्ज एकमेकांपासून वेगळी होतात ती इथे, आणि माझं म्हणणं असं आहे की हे नीट ऐकायचं असेल तर पियानोवरून सुरुवात करू नका, हार्पसिकॉर्डवरून करा.

त्याचं कारण वाद्यातच आहे. नेदरलँड्समध्ये माझा मावसभाऊ राहतो, त्याच्या ओळखीच्या एका बाईंकडे हार्पसिकॉर्ड होतं आणि त्यांनी मला ते हाताळू दिलं. मी लहानपणापासून भजनाला पेटी वाजवत आलोय, त्यामुळे बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली. पट्टी अगदी हळू दाबली की एका ठिकाणी बारीकसा अडथळा लागतो. आत पट्टीच्या दुसऱ्या टोकावर एक उभी लाकडी पट्टी असते, तिला बाजूला एक छोटीशी नखी, पूर्वी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची असायची, आता बऱ्याचदा प्लास्टिकची, ती नखी तारेला खालून टेकलेली तुम्हाला बोटाला चक्क जाणवते. अजून जरा दाबलं की ती तार छेडून वर निसटते आणि टण्णकन स्वर येतो. मग बोट सोडलं की लाकडी पट्टी परत खाली येते, जाताना तारेला किंचित घासते, आणि वरचा फेल्टचा तुकडा तारेवर बसून आवाज बंद करतो. म्हणजे स्वर जिथे सुरू होतो तिथे एक टोक आणि जिथे संपतो तिथेही एक बारीकसं खट् असं टोक. मी जोरात दाबून पाहिलं, हळू दाबून पाहिलं, आवाज तेवढाच. पेटीतही पट्टी जोरात दाबून आवाज वाढत नाही, पण पेटीला भाता आहे, भात्याने स्वर फुगवता येतो, धरून ठेवता येतो. इथे भाता नाही, पियानोसारखा हातोडाही नाही. एकदा तार छेडली की तुमचं काम संपलं, पुढे फक्त तिची आस, आणि ती आस आपसूक विरत जाणार.

मग ह्या वाद्यावर एखादा स्वर महत्त्वाचा आहे हे सांगायचं कसं? मोठा तर करता येत नाही. तो उशिरा आणायचा. किंवा त्याच्या आधीचा स्वर जरा लवकर सोडायचा म्हणजे मध्ये पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत येणारा स्वर आपोआप ठळक लागतो. किंवा बेसचा स्वर आधी टाकायचा आणि वरचा केसभर मागे ठेवायचा. ह्या तीन-चार युक्त्या, बस्स. पण त्यांच्यावर एवढं सगळं दुःख उभं करता येतं हे गुस्ताव लेऑनहार्ट ऐकल्यावर कळतं.

लेऑनहार्टने (डच हार्पसिकॉर्ड वादक, २०१२ मध्ये गेला) गोल्डबर्ग तीनदा रेकॉर्ड केली, १९५३, १९६५ आणि १९७६ मध्ये. मी सगळ्यात जास्त ऐकतो ते शेवटचं. तो रिपीट घेत नाही, प्रत्येक भाग एकदाच, आणि पंचविसावं पण तसंच एकदाच. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की हा किती कोरडं वाजवतोय, कुठे काही होतच नाहीये. मग दुसऱ्यांदा हेडफोन लावून डाव्या हाताकडे लक्ष द्या. डावा हात जवळजवळ नियमित चालतोय, जवळजवळ, आणि उजव्या हाताचा स्वर त्याच्यावर क्वचितच बरोबर पडतो. बेस पडतो, मग अगदी थोड्या वेळाने वरचा स्वर येतो, आणि तो किती थोडा वेळ हे दर वेळी वेगळं असतं. जिथे हार्मनी सगळ्यात टोचते तिथे तो उशीर वाढतो आणि सुटका होते तिथे दोन्ही हात एकत्र येतात. मोठ्याने बोलणं नाही, उसासे नाहीत, बारीक छोटे स्वर तर तो इतक्या सहज टाकतो की ते सजावट न वाटता बोलण्याचा भाग वाटतात. ह्या माणसाने स्वतःबद्दल काहीही न सांगता हे सगळं वाजवलंय असं मला वाटतं, आणि तरी, किंवा त्यामुळेच, ते माझ्या फार आत जातं.

लँडोव्स्का बाईंचं ऐकायला जाल तर वाद्यच वेगळं आहे. त्यांनी १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसला जे रेकॉर्ड केलं ते ह्या संपूर्ण कृतीचं पहिलं रेकॉर्डिंग, ७८ च्या तबकड्यांवर, जिथे एका बाजूला चार-साडेचार मिनिटांच्या वर काही मावत नसे. त्यांचं हार्पसिकॉर्ड प्लेयेल कंपनीने त्यांच्यासाठी खास बांधलेलं, पियानोसारखी लोखंडी चौकट, पायाने बदलायचे रजिस्टर (कुठला तारांचा संच वाजेल ते ठरवणारे), खालच्या सप्तकाच्या जाड तारांचा वेगळा संच. आजचे जाणकार ह्या वाद्याला नाकं मुरडतात, बाखच्या काळात असलं काही नव्हतं म्हणतात, आणि ते खरंच आहे, नंतरच्या लोकांनी जुनी वाद्यं मोजूनमापून तशी हलकी वाद्यं बांधली आणि हार्पसिकॉर्डचा आवाजच बदलला. पण पंचविसावं लावा आणि वाद्य विसरून फक्त वेळ ऐका. बाई लेऑनहार्टच्या कितीतरी पुढे जातात. त्या ओळ चक्क बोलतात, एक वाक्य घाईने, मग एकदम थबकून, मग पुढचं अडखळत. लेऑनहार्टचा उशीर केसभर, बाईंचा उशीर कुणालाही ऐकू येईल एवढा. जुन्या तबकडीची खरखर मागे चालू आहे, तारांचा आवाज जाड आहे, आणि तरी तो थांबा कळतो. वर्षं किती वाईट होती बघा, १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा ह्या ज्यू बाई पॅरिसजवळचं आपलं घर सोडून निघाल्या, मागे राहिलेली वाद्यं आणि पुस्तकं नाझींनी लुटून नेली, आणि डिसेंबर १९४१ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या त्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये जाहीर कार्यक्रम केला आणि वाजवलं काय, तर गोल्डबर्गच. १९४५ मध्ये न्यूयॉर्कलाच दुसरं रेकॉर्डिंग केलं. मला १९३३ चंच जास्त जवळचं आहे, पण दोन्ही ऐका.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ह्या सगळ्यांना, म्हणजे लँडोव्स्का, पहिल्या वेळचा गूल्ड, १९६५ चा लेऑनहार्ट, ह्या व्हेरिएशनवर बाखने लय लिहिलीय हे माहीतच नव्हतं, कारण छापील पानावर तसा शब्द नाही. १९७४ मध्ये फ्रान्समध्ये बाखची स्वतःची प्रत उजेडात आली, त्याने हाताने दुरुस्त्या केलेली, जी आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि तिच्यात पंचविसाव्यावर त्याने अडाजिओ लिहिलेलं सापडलं, म्हणजे सावकाश. ह्या लोकांनी शब्द नसतानाही ते सावकाशच वाजवलं होतं, संगीतानेच त्यांना सांगितलं होतं. सातव्या व्हेरिएशनचं मात्र तसं झालं नाही, तिथे त्याच प्रतीत गिग नाचाच्या लयीत असं लिहिलेलं निघालं, आणि तोवर ते बरेच जण डुलत डुलत संथ वाजवायचे, तर त्या एका शेऱ्याने नंतरच्या रेकॉर्डिंग्जची चाल बदलली, तरी किती जलद यावर अजून वाद आहेतच, अँजेला ह्युइटसारखी पियानिस्ट म्हणते की हा फ्रेंच पद्धतीचा गिग आहे, त्याला पळवायचं कारण नाही. मला तिचं पटतं.

परत पंचविसाव्याकडे. आता पियानो. पियानोवर स्वर लहानमोठा करता येतो, पेडल दाबून आस वाढवता येते, आणि इथेच मोह सुरू होतो. १९५५ चा गूल्ड ह्या मोहात पूर्ण गेलेला आहे. तो इतका हळू वाजवतो, एकेक स्वर इतका जपून, इतका अलगद ठेवतो की काळ थांबल्यासारखा वाटतो, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि अजूनही येतो. पण त्याला स्वतःला ते नंतर आवडेनासं झालं. १९८२ मध्ये टिम पेज ह्या संगीत समीक्षकाबरोबर त्याची एक लांब मुलाखत झाली, दोन्ही रेकॉर्डिंग्ज समोर ठेवून, आणि त्यात तो जुन्या पंचविसाव्याबद्दल फार कडक बोलला. त्याच्या मते ते वादन जणू पाटी लावून सांगतं की लक्ष द्या, ही शोकांतिका आहे. शोपँच्या नॉक्टर्नसारखं (पियानोवरच्या हळव्या, भावुक तुकड्यासारखं) वाजलंय असंही त्याचं म्हणणं होतं. आणि दुसऱ्या वेळी त्याने काय केलं, तर सगळ्या व्हेरिएशन्सना आतून जोडणारा एक ठोका धरला, एकाच्या ठोक्याचं पुढच्याच्या ठोक्याशी काहीतरी गणित असेल असं बघितलं, आणि पंचविसाव्यालाही त्या गणितात बसवलं. म्हणून ते थोडं पुढे सरकलं. १९८१ चं ऐकताना डावा हात अजिबात ढळत नाही, तो एखाद्या नेमस्त माणसासारखा चालत राहतो आणि वरची ओळ त्याच्यावर आपलं आपलं दुःख बोलत राहते. मागे गूल्डचं गुणगुणणंही ऐकू येतं. मला हे १९५५ पेक्षा सच्चं वाटतं, आणि पंचविसाव्याच्या बाबतीत तरी मी कायम १९८१ च्याच बाजूने उभा राहीन. सप्टेंबर १९८२ मध्ये ती रेकॉर्ड बाजारात आली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला, ४ ऑक्टोबरला तो गेला. वय ५०.

आता घड्याळाचीच गोष्ट निघालीय तर एक हिशोब मांडतो, कारण ह्यात लोकांची फार फसगत होते. लँग लँग ह्या पियानिस्टने २०२० मध्ये गोल्डबर्ग काढली आणि त्याचं पंचविसावं दहा मिनिटांच्या वर जातं, त्यावर बरीच चर्चा झाली की किती हे संथ, किती ताणलंय. पण हे व्हेरिएशन ३२ मापांचं आहे (माप म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा), १६ आणि १६, आणि बाखने दोन्ही भाग परत वाजवायची खूण दिलीय. लँग लँग दोन्ही रिपीट घेतो, म्हणजे ६४ मापं, प्रत्येक माप साधारण दहा सेकंदांचं. गूल्ड रिपीट घेतच नाही, ३२ मापंच, म्हणजे १९५५ ला एक माप साधारण १२ सेकंदांचं आणि १९८१ ला ११ सेकंदांच्या वर. थोडक्यात, सुसाट म्हणून प्रसिद्ध असलेला बावीस वर्षांचा गूल्ड लँग लँगपेक्षाही सावकाश वाजवतोय! मग लँग लँग ताणल्यासारखा का वाटतो? कारण त्याच्या वादनात प्रत्येक छोट्या स्वराला स्वतंत्र वागणूक मिळते, हा हळू, तो त्याहून हळू, हा जरा फुगवून, आणि एकेक स्वर इतका सुंदर केला की ओळीचा धागा तुटतो, ऐकणारा पुढच्या स्वराकडे ओढला जात नाही. त्याच्या हातात किती रंग आहेत हे कळतं आणि ते रंग खरोखर आहेत. मला त्याचं सव्विसावं जास्त आवडतं.

पियानिस्ट रोझलिन ट्युरेकचं १९५७ चं रेकॉर्डिंग ह्याच्या अगदी समोर ठेवा. तेही लांब, सगळे रिपीट घेऊन सगळी कृती दीड तासाच्या वर जाते, एलपीच्या जमान्यात हे मोठंच धाडस. गूल्डने कधी कुणाचा प्रभाव मान्य केला असेल तर तो ह्या बाईंचा. ट्युरेक थांबत नाहीत, म्हणजे स्वरापुढे कधी रेंगाळत नाहीत, त्या प्रत्येक आवाजाला एक ठरलेला रंग देतात आणि तो शेवटपर्यंत पाळतात, वरची ओळ एक माणूस, मधली दुसरा, बेस तिसरा. दुसऱ्यांदा तोच भाग येतो तेव्हा आवाजाची पातळी बदललेली असते. हे ऐकायला चिकाटी लागते हे मी प्रामाणिकपणे सांगतो, रविवारची सकाळ मोकळी ठेवून ऐका, पण एकदा तुम्ही त्यांच्या चालीत शिरलात की मधला आवाज, जो इतरांच्या वादनात बेसला चिकटून जातो, तो पहिल्यांदाच सुटा ऐकू येतो. तो मधला आवाज किती सुरेख आहे हे मला ट्युरेकमुळे कळलं.

आणि पियानिस्ट मरे पेराया, २००० सालचं. नव्वदच्या दशकात अंगठ्याच्या दुखण्याने त्याला बराच काळ वाजवता येत नव्हतं आणि त्या काळात तो बाखचा अभ्यास करत बसला, त्यातून हे आलं. त्याच्यात गूल्डचा हट्ट नाही, लँग लँगचा सोस नाही, ओळ गाते. कुणी मला विचारलं की पाश्चात्य संगीत कधी ऐकलेलं नाही, एकच द्या, तर मी पेराया देतो. आंद्राश शिफचं २००१ चं, बाझेलच्या मैफिलीत रेकॉर्ड झालेलं, हेही त्याच यादीत. त्यावर जास्त लिहीत नाही, ती दोन्ही लगेच आवडणारी आहेत.

रिपीटबद्दल मात्र बोललं पाहिजे. पंचविसाव्यात रिपीट घ्यावा का? लेऑनहार्ट, गूल्ड घेत नाहीत, आणि एकदाच वाजवलं तर प्रत्येक थांब्याचं वजन वाढतं हे उघड आहे, परत संधी नाही. पण पियर हांताई ऐकल्यावर मी रिपीटच्या बाजूला गेलो. हांताई हा लेऑनहार्टचाच शिष्य, अ‍ॅमस्टरडॅमला त्याच्याकडे शिकला, आणि त्याने गोल्डबर्ग १९९२ मध्ये आणि मग २००३ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केली, दोन्ही हार्पसिकॉर्डवर. गुरूचा उशीर त्याच्याही हातात आहे, पण जास्त मोकळा, जास्त धोका पत्करणारा. पहिल्या फेरीत तो तुम्हाला वाट दाखवतो, आणि दुसऱ्या फेरीत, ऐकणाऱ्याला आता वळणं माहीत झालीत हे गृहीत धरून, थांबे हलवतो. जिथे मघाशी थांबला होता तिथून सरळ निघून जातो आणि जिथे सरळ गेला होता तिथे थबकतो. कागदावरचा एकही स्वर न बदलता दुसरी फेरी वेगळी होते. शाइबेच्या तक्रारीला ह्याहून चांगलं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही. पियानिस्ट विल्हेल्म केम्प्फने १९६९ मध्ये उलट केलं होतं, आरियातले बरेचसे अलंकार चक्क गाळूनच टाकले, सुरुवातीला धक्का बसतो, पण खाली जी साधी चाल उरते ती फार निर्मळ आहे. पंचविसाव्यात ते करता येणार नाही, तिथे अलंकार काढले तर ओळच राहत नाही.

पेटीवाल्यांसाठी एक सूचना. गूल्ड किंवा पेराया ऐकून पेटीवर सूर शोधलात तर सा पांढरी पाचवर सापडेल, पण हांताईच्या रेकॉर्डिंगला तोच सा काळी तीनवर येतो. वाद्य बिघडलेलं नाही, जुन्या संगीताची मंडळी बाखच्या काळाला धरून अर्धा स्वर खाली लावतात, ए स्वर सेकंदाला आजच्या ४४० कंपनांऐवजी ४१५ ला. मला स्वतःला हे खालचं लागणं ह्या व्हेरिएशनला जास्त मानवतं असं वाटतं, तारांवरचा ताण कमी, आवाज जरा खोल. शिवाय त्या वाद्यांची जुळणी पियानोसारखी सगळ्या स्वरांत सारखी वाटलेली नसते, त्यामुळे बेस अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरताना प्रत्येक पायरीची उंची थोडी वेगळी लागते, आणि आपल्या कानांना, ज्यांना कोमल गंधार रागागणिक वेगळा लागतो हे माहीत आहे, त्यांना हे फार पटकन जाणवतं. तंबोऱ्यावर पोसलेल्या कानाने हे ऐकायला बसणं हा फायदाच आहे.

ऐकताना एकच विनंती, पंचविसावं एकटं काढून ऐकू नका. हल्ली अ‍ॅपवर प्रत्येक व्हेरिएशन वेगळा ट्रॅक असतो आणि उदास पियानो नावाच्या कुठल्यातरी प्लेलिस्टमध्ये हा एक तुकडा टाकून देतात, मागेपुढे भलतंच काहीतरी, हे बघून मला खरोखर त्रास होतो. चोविसाव्यापासून लावा. तो एका सप्तकाच्या अंतरावरचा कॅनन आहे, शांत, हसऱ्या चेहऱ्याचा, त्यात पुढे काय येणार याची काहीही चाहूल नाही. मग पंचविसावं. आणि मग ट्रॅक न बदलता सव्विसावं ऐकाच, ज्यात एका हाताला धावत्या बारीक स्वरांचा लोंढा आणि दुसऱ्याला ठाशीव तीन मात्रांचा नाच, आणि हात आपसात काम बदलत राहतात. तिथे जाताना प्रत्येक वादक किती वेळ घेतो हे कान देऊन ऐका. काही जण पंचविसाव्याचा शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत सोडत नाहीत, काही जण आस संपायच्या आत उडी मारतात. मला दुसरे आवडतात. माझ्या कानाला त्या विलापाला सगळ्यात जास्त जागा देणारं वादन तेच, ज्यात जी मायनरची शेवटची आस अजून हवेत आहे आणि जी मेजरचे बारीक स्वर तिच्यावरून धावत सुटलेत.